अर्ध्या तासाचा इशारा

"बाबा, उठा म्हणते ना! सायरन वाजतोय, ऐकू येत नाही का?"

"ऐकू न यायला मी काय बहिरा आहे?" व्हर्जिल हॅस्क्यू म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पोर्चच्या आणखी कडेला सरकवली. तिथून नैर्ऋत्येचं आकाश चांगलं दिसत होतं.

लोरेटाने कपाळावर हात मारला. टोर्नेडो येणार हे लोकांना आधी कळावं म्हणून सरकार जे संशोधन करतं, त्याची ती प्रमुख. सगळी हयात तिने एकाच कामात घालवली होती: इशारा आणि वादळ यांच्यातला वेळ वाढवायचा. पाच मिनिटांचा तिने अर्धा तास केला. राजधानीत टाळ्या झाल्या, पदक मिळालं. आणि आज रजेवर घरी आली, तर जन्मदाता बाप तळघराकडे ढुंकूनही बघत नव्हता.

ओक्लाहोमातल्या त्या गल्लीत एकटे व्हर्जिलच तसे नव्हते. सायरन झाला की घराघरांतून माणसं आत जाण्याऐवजी बाहेर येत. समोरच्या एर्मामावशी तर गार चहाचा जग आणि घडीची खुर्ची घेऊन थेट हॅस्क्यूंच्याच पोर्चवर हजर झाल्या होत्या, कारण इथून वादळ जास्त छान दिसतं. ढग हिरवट पडला होता. या ढगाचं पुढे काय होतं ते लोरेटाला पक्कं ठाऊक होतं, आणि बाप तिला एकच होता.

"बाबा, पूर्वी तर तुम्ही अनवाणी धावत सुटायचात!"

"पूर्वी पाचच मिनिटं मिळायची गं. आता तू अर्धा तास दिलायस. पंचवीस मिनिटं बघू, मग पाच मिनिटांत उतरू."

"पोरीने मोठी सोय केली हो," एर्मामावशी चहा ओतत म्हणाल्या. "पूर्वी मेली खुर्ची उघडायचीसुद्धा सवड नसायची."

आजवर अंदाजात लोरेटाने एका मिनिटाचीही लबाडी केली नव्हती, हाताखालच्या कुणाला करू दिली नव्हती. तिने फोन कानाला लावला, डोळे मोठे केले आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी किंचाळली, "एकच मिनिट उरलंय! आमचं गणित चुकलं!"

एकच पळापळ झाली. अख्खी गल्ली आपापल्या तळघरात शिरली. व्हर्जिल सगळ्यांच्या पुढे होते. त्यांची एक चप्पल पायरीवरच राहिली. एर्मामावशींनी जग मात्र सोडला नाही.

तळघरात तिघं गुडघ्याला गुडघा लावून बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. व्हर्जिल घड्याळाकडे आणि लेकीकडे आळीपाळीने बघत राहिले. मग वर काहीतरी कडाडलं आणि दार धडाधड हलायला लागलं. लोरेटाने बापाचा हात घट्ट धरला.

सगळं शांत झाल्यावर तिघं वर आली. पोर्च नव्हता. खुर्च्या नव्हत्या. लोरेटाला रडू फुटलं, तिने बापाला कडकडून मिठी मारली. व्हर्जिलनी तिच्या खांद्यावरून त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळाकडे.

"एक मिनिट म्हणालीस आणि तब्बल वीस मिनिटांनी आलं! सरकार तुला एवढी वर्षं पगार तरी कशाचा देतंय?"