खोलीतला वास

मिस्त्रीनं पटाशी घालून भिंतीवरचा थर्माकोलचा बोर्ड ओढला आणि सून तोंडावर हात दाबून मागं सरली.

बोर्डामागची भिंत काळीकुट्ट होती. नुसती काळी नव्हे, केसाळ. विटांवर बुरशीची लव उगवली होती. खाली जमिनीलगत चिकट लगदा साचला होता आणि त्यात पांढुरके किडे वळवळत होते. भपकारा असा आला, की मिस्त्रीनंही मान फिरवली.

"अगं बाई!" सून म्हणाली. "हाच तो वास!"

गेले चार महिने घर नाक मुरडत होतं ते ह्याच वासापायी. तो सासऱ्यांचाच, याबद्दल कुणाला शंका नव्हती. म्हातारं माणूस, वास यायचाच. मुलानं त्यांचं ताट त्यांच्या खोलीत हलवलं. नात उंबऱ्यावरूनच हात हलवून पळायची. दिवसातून दोनदा त्यांना आंघोळीला पिटाळलं जायचं आणि मुलगा लांबून ओरडायचा, "बाबा, कानामागं घासलंत का?" घासून घासून त्यांची कातडी सोलवटली. सून रोज त्यांची चादर, अभ्रे, कपडे कढत पाण्यात धुवायची आणि बाहेर गारठा म्हणून त्याच खोलीत दोऱ्या बांधून वाळत घालायची. तरी वास वाढतच गेला.

शेवटी आज वृद्धाश्रमाची गाडी दारात उभी होती. सासरे मांडीवर पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत बसले होते. त्यांच्या खोलीत आता नातीचं टेबल यायचं होतं, म्हणून विजेचं बटण सरकवायला मिस्त्रीला बोलावलं होतं. माणूस अजून घरात, आणि त्याच्या भिंतीला भोकं पाडणं सुरू!

"हे थर्माकोलचे बोर्ड कुणी बसवले?" मिस्त्रीनं विचारलं.

"मीच," मुलगा म्हणाला. "थंडीच्या तोंडाशी. बाबांना भिंतीचा गारवा लागायचा ना. ऊब राहावी म्हणून."

"सिमेंटच्या मसाल्याचे चार गोळे थापून चिकटवलेत साहेब तुम्ही. मागं बोटभर पोकळी, कडा सताड उघड्या. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम सुटतो, बघितलंय ना? तसंच हे. नुसत्या विटांची भिंत, बाहेरच्या थंडीनं गार पडलेली. खोलीतली दमट हवा कडेनं मागं शिरते, विटेला लागते, तिचं पाणी होतं. ते वाळणार कुठून?" त्याची नजर वरच्या दोऱ्यांवर गेली. "आणि ओले कपडे इथंच? म्हणजे रोज बुरशीला खतपाणी घालत होता की!"

सून तशीच अनवाणी बाहेर गेली आणि गाडी परत पाठवून आली. आल्यावर तिला सासऱ्यांकडे बघवेना. ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

मुलगा वडिलांच्या हातातली पिशवी घ्यायला वाकला. कित्येक महिन्यांत तो त्यांच्या इतक्या जवळ आला नव्हता. त्यांच्या अंगाला साबणाचा वास येत होता. नुसता साबणाचा. मुलाला स्वतःचीच शिसारी आली.

"बाबा, तो वास तुमचा नव्हता. भिंतीचा होता."

"ठाऊक आहे," म्हातारा म्हणाला. "भिंतीकडे तोंड करून मीच झोपतो."

"मग बोलला का नाहीत?"

वडिलांनी पिशवी सोडली नाही.

"बोललो असतो, तर तूच म्हणाला असतास, म्हातारा आता स्वतःचा वास भिंतीवर ढकलायला लागला."