घड्याळवाला हात

काउंटरवरच्या मुलीने सहदेवला बघून हात हलवला आणि वनमालाने सुनेचा दंड घट्ट पकडला.

"बघितलंस? ओळख चांगलीच आहे."

दोघी काचेच्या दाराबाहेर, कुंडीतल्या झाडाआड उभ्या होत्या. आत सहदेवने पिशवीतून मिठाईचा बॉक्स काढून त्या मुलीपुढे ठेवला. घरी येताना कोथिंबिरीची जुडी आणायला हमखास विसरणारा माणूस.

"आई, ती माझ्यापेक्षा पण लहान आहे," श्वेता कुजबुजली. "काहीतरी वेगळं असेल ना."

"वेगळंच आहे. म्हणून तर आलेय."

सहदेव दर गुरुवारी जेवण झालं की इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि चारकोपला भाऊरावांकडे चाललो म्हणून निघायचा. गेल्या आठवड्यात भाऊरावांचाच घरी फोन आला. "वहिनी, सहदेव आहे कुठे? गणपतीनंतर तोंडच दाखवलं नाही त्याने." वनमालाने फोन ठेवला आणि नवऱ्याला एका शब्दाने विचारलं नाही. आज श्वेताला रजा घ्यायला लावली, आणि घाटकोपरपासून त्याच्या रिक्षामागे दुसरी रिक्षा धरली.

पण रिक्षा मुलुंडला शिरली तशी ती गप्प झाली होती. इथे ती कामाला होती ती रेडिओ कंपनी होती. आता तिथे टॉवर उभे होते. बिल्डरने कामगारांच्या हजेरीचं जुनं टाइम ऑफिस तेवढं ठेवून त्यात रेडिओचं छोटंसं संग्रहालय केलं होतं. भाऊरावांच्या ज्येष्ठ नागरिक संघाने मध्यंतरी अशीच, बंद पडलेल्या कंपन्यांची संग्रहालयं बघायची टूम काढली होती. एक कुलपांचं होतं, एक पंख्यांचं आणि एक हे. सहदेव कुरकुरत गेला होता आणि परत आल्यावर जेवताना एक शब्द बोलला नव्हता. तेव्हा तिला वाटलं होतं, उन्हाने दमला.

लग्न झाल्यावर महिनाभर ती कंपनीत जात होती. मग एका रात्री सहदेव म्हणाला, "आता कशाला जातेस? माझ्या पगारात भागत नाही का?" सासूबाईंनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. तिनेही काढला नाही.

"आजोबा, तीच ना?" आतली मुलगी हसून म्हणाली आणि सहदेवला मागच्या खोलीत घेऊन गेली. खोलीतला दिवा विझला.

वनमालाने दार ढकललं. श्वेता मागोमाग धावली.

काचेच्या कपाटांतले लाकडी रेडिओ मागे टाकत ती थेट त्या काळोख्या खोलीच्या दारात पोचली. भिंतीवर एक जुनी फिल्म चालू होती, आवाज नसलेली. बाकावर सहदेव एकटाच, गुडघ्यांवर कोपरं टेकून, पुढे वाकून बसला होता. मुलगी बाजूला रिमोट घेऊन उभी होती.

"मनाली, थांबव. जरा मागे घे. आता हळू."

भिंतीवर लांबलचक टेबल होतं. निळे एप्रन घातलेल्या मुली मान खाली घालून तारा गुंडाळत होत्या. त्यातल्या एकीने मान वर केली. चौकटीच्या बाहेर कुणाकडे तरी बघितलं आणि ती हसली. अगदी तोंड भरून. दोन वेण्या, गळ्यात काळा दोरा. मनालीने फिल्म तिथेच थांबवली.

श्वेताने तोंडावर हात ठेवला. "आई! तुम्ही आहात ही!"

सहदेव दचकून वळला. श्वेताच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बाबा, तुम्ही आईंना बघायला येता इथे? दर गुरुवारी? आणि आम्ही काय काय..."

वनमालाने रिक्षात जुळवलेली सगळी वाक्यं विरघळून गेली. ती हळूच बाकावर त्याच्या शेजारी बसली. एवढ्या संसारात या माणसाने तिच्याकडे धड टक लावून कधी बघितलं नव्हतं. तिने पदर सारखा केला.

"मला आणायचं होतंत की," ती म्हणाली.

सहदेवने तिच्याकडे बघितलं नाही. त्याचं बोट भिंतीकडे गेलं.

"हा हात बघ. कडेला. टेबलावर टेकलेला."

चौकटीच्या अगदी काठाशी मनगटापर्यंत एक हात दिसत होता. निबर, रुंद. चामड्याच्या पट्ट्याचं मोठं घड्याळ बांधलेला.

"मनालीला सांगून ठेवलंय, त्या वेळच्या साहेबांची नावं शोधून दे म्हणून," तो म्हणाला. आवाज दबका होता. "घरात तुला असं हसताना मी कधी बघितलं नाही. एकदाही नाही. कोण होता तो?"

मनालीने रिमोट खाली केला. श्वेता दारातच खिळली. भिंतीवर ती मुलगी तशीच थांबलेली होती, हसता हसता.

वनमाला त्या हाताकडे बघत राहिली.

"पुरुष नाही तो," ती शेवटी म्हणाली. "आमच्या सुपरवायझर, माणिकबाई. नवरा वारल्यावर त्याचंच घड्याळ घालायच्या."

"मग एवढं हसायला काय झालं होतं?"

"त्या मला सांगतायत," वनमाला म्हणाली, "वनमाला, तू परमनंट झालीस."