अकरा पौंड जास्त

"अकरा पौंड जास्त," फिंटन म्हणाला आणि त्याने काट्याकडे पुन्हा पाहिलं, जणू दुसऱ्यांदा बघितल्यावर काटा लाजून मागे सरणार होता.

काट्यावर त्याची मुलगी युना बॅग घेऊन उभी होती. आयर्लंडमधल्या फॉइन्सच्या धक्क्यावर विमानाच्या प्रत्येक प्रवाशाचं वजन असंच होई, सामानासकट. अमेरिकेपर्यंत उलट्या वाऱ्याशी झुंजायचं तर पेट्रोल जास्त, आणि पेट्रोल वाढलं की माणसं कमी. आज पश्चिमेचा वारा नुसता पिसाळला होता.

युनाची जागा फुकटची होती. विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याच्या घरातल्या एकाला, नोकरीत एकदाच, तीही वजनात बसली तर. फिंटनने ती सहा वर्षं जपून ठेवली होती. आणि आज शेवटचं विमान. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे दिवस सरले होते. पुढच्या आठवड्यापासून नदीपलीकडच्या धावपट्टीवर चाकांची विमानं येणार होती. तिथे फिंटनला कोण विचारतो?

पहिलं विमान उतरलं तेव्हा चौदा वर्षांची युना शाळा बुडवून धक्क्याच्या भिंतीवर बसली होती. आई शोधत आली, कान पिळायला म्हणून, आणि विमान पाहून स्वतःच तिच्याशेजारी बसून राहिली. काय दिवस होते ते! आता आई नव्हती. युना गेली की घरात फिंटन आणि त्याची किटली. ती राहिली असती तर त्याला आणखी काय हवं होतं? पण बापाने असं बोलू नये. इथे राहून पोरीने काय करायचं, कोंबड्या राखायच्या? न्यूयॉर्कला मावशी डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होती.

"मग राहिलं," युना शांतपणे म्हणाली. "नियम म्हणजे नियम, बाबा. वजनापायी तुम्ही बिशपनासुद्धा मागे ठेवलं होतंत."

"बिशप जेवतच तेवढे," दारातून मॉसी म्हणाला. प्रवाशांना होडीतून विमानापर्यंत नेणं त्याचं काम. "फिंटनभाऊ, आटपा. ओहोटी काय माझ्या सासऱ्याची नोकर आहे?"

काट्याला नातं नसतं, असं फिंटन नेहमी म्हणे आणि गाव त्याची नक्कल करी. त्याचा सगळ्यात कडक नियम म्हणजे माणूस आणि त्याचं सामान एकत्र. गेले तर दोघं, राहिले तर दोघं.

त्याने युनाच्या हातातून बॅग ओढून घेतली. खांदा निखळेल इतकी जड. पोरीने अख्खा संसार भरला होता.

"बॅग राहील. तू जा."

युनाचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, असं चालत नाही! बॅगेशिवाय मी जायची नाही."

"चार झग्यांसाठी अडून बसतेस? मावशी देईल. बॅग मी बोटीने पाठवतो."

"पण नियम..."

"खड्ड्यात गेला नियम!"

मॉसीने टोपी काढून डोकं खाजवलं. हे शब्द या तोंडातून त्याने कधी ऐकले नव्हते.

युनाने बॅगेकडे पाहिलं, मग बापाकडे. "तुम्हाला हेच हवंय ना?"

"हेच," फिंटनने ठासून सांगितलं. हळू बोलला असता तर आवाज फुटला असता.

तिने त्याला घट्ट मिठी मारली, सोडेचना. शेवटी मॉसीनेच तिला हाताला धरून होडीत बसवलं.

विमानाने नदीवर लांब पांढरी रेघ ओढली आणि ते वर चढलं. ठिपका दिसेनासा होईपर्यंत फिंटन हात हलवत राहिला, मग तिथेच भिंतीवर बसून पोटभर रडला. जे मनात होतं ते पोरीला कळू दिलं नाही, याचं त्याला समाधानही वाटत होतं.

बोटीवाल्यांना आतल्या वस्तूंची यादी लागते, म्हणून संध्याकाळी त्याने बॅग उघडली. वर एक टॉवेल होता. त्याखाली कपडा म्हणून एकही नव्हता. घरामागच्या नदीकाठचे गोटे होते, काट्याला पुरून उरतील इतके, धुऊन पुसून, नीट रचलेले.