स्वतःच्या कमाईची ओटी

"अहो आत्याबाई, कालच भाडं आलंय. त्यातूनच नारळ घ्या की!" सून वैतागली.

रंभाबाई कासारीण आपल्याच दुकानाच्या पायरीवर बांगड्यांची टोपली मांडून बसल्या होत्या. गुडघे कुरकुरू लागल्यावर त्यांनी दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने दिले होते. पण आज संध्याकाळी देवीची ओटी भरायची होती, आणि ती स्वतःच्या कमाईतूनच भरायची ही त्यांच्या घरातली रीत.

"भाडं दुकान कमावतं गं. मी तर घरी झोपून असते. झोपेचे पैसे देवीला कसे देऊ?"

"पैशाला काय घामाचा वास येतो?"

"मला येतो."

दुपार टळली. बायका येत, मोबाइलची कव्हरे घेत आणि टोपली ओलांडून निघून जात. शेवटी मोबाइलवाल्याला दया आली. "मावशी, माझ्या बायकोसाठी डझनभर द्या."

"लग्न तरी झालंय का मेल्या तुझं?" रंभाबाईंनी त्याला हाकलले.

दिवेलागणीला सून समोर येऊन बसली आणि तिने हात पुढे केला. "भरा. हिरव्या."

"भाड्यातले पैसे चालायचे नाहीत हं!"

"फॉल-पिकोचे आहेत. माझ्या मशीनवरचे."

रंभाबाईंनी तिचा हात चेपून मऊ केला आणि एकही न पिचवता बांगड्या चढवल्या. मिळालेली नोट कपाळाला लावून त्या गुडघ्यांवर हात टेकत उठल्या.

"चल," त्या म्हणाल्या, "आजची ओटी दोघींची."