पानांच्या पेल्यातलं पाणी

विवेकने लोखंडी सब्बल उचलली आणि पहिलीच कुंडी फोडली. "याच पान्यानं मायी यशू नेली!"

मागून आलेल्या पोरांनी हिरवी जाळी टराटरा फाडली. देवळी रस्त्यावरच्या प्रेमदासच्या नर्सरीत गुझमानियाच्या रांगा होत्या. अननसाच्या कुळातली, तांबड्या-पिवळ्या तुऱ्यांची झाडं. प्रत्येक झाडाच्या पानांच्या मधोमध एक पेला असतो, त्यात पाणी साचून राहतं. दवाखान्यात डेंग्यूचं नाव ऐकलं तेव्हापासून विवेकच्या डोळ्यांपुढून तो पेला हलला नव्हता. कालच तो लेकीला माती देऊन आला होता.

प्रेमदास पळाला नाही. "विवेक, पोराईले बाहेर ठेव. तारेनं कापलं जाईन कोनाले."

"अजून शहानपन शिकवतं का बे?" विवेकचा मेहुणा गजेंद्र ओरडला आणि त्याने प्रेमदासच्या तोंडावर बुक्की हाणली. ओठ फाटला. लगेच एक लाथ बरगडीत बसली.

विवेकने त्याला कॉलर धरून उठवलं. "सांग, मच्छर कुठून आले? बोलून काऊन नाई राह्यला?"

प्रेमदासने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मान खाली घालून म्हणाला, "मार. मारून घे मनभर."

विवेकला ती कबुलीच वाटली.

बघता बघता मातीचा आणि चिरडलेल्या पानांचा चिखल झाला. बाकावर एकच झाड उरलं. दोन जातींचा संकर करून प्रेमदासने ते बियांपासून वाढवलं होतं. यंदा त्याला पहिला तुरा आला होता. तसं दुसरं झाड कुठेच नव्हतं.

"तेवढं ठेव रे," प्रेमदास आता रडू लागला. "एकदा फुललं का हे झाड मरते. बुडाशी पिल्लं येतेत, त्याईच्यानंच पुढं चालते. याले अजून एकबी नाई आलं."

"मले तरी कुठं उरलं?"

विवेकने सब्बल झाडाच्या गाभ्यात खुपसली आणि पिळली. पेल्यातलं पाणी त्याच्या मनगटावर उडालं. मग तीच सब्बल त्याने प्रेमदासच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला, तशी पोरंही मागे सरली.

तो घरी पोचला तेव्हा आरोग्य केंद्राची आशा सेविका मोनाली दारात उभी होती. तिने त्याच्या हातांवरचं रक्त पाहिलं.

"भाऊ, हे काय करून आले तुमी?"

"त्याच्या झाडाईत अळ्या होत्या, ताई."

"एकबी नव्हती. काल तुमी सारे मातीले गेलते, तवा मी त्याची नर्सरी तपासली, मंग इथं तपासनी केली. अळ्या यशूच्या खाटेमागच्या कूलरमंदी होत्या." मोनालीने पदराने तोंड दाबलं. "आज सकाळी मी तुमाले सांगाले निघाली, तर प्रेमदासभाऊनं वाटेतच माह्याकून हे आयकलं अन् मले अडवलं. म्हणे, त्या बापाले हे कधीच कळू देजो नको. लोकाईनं विचारलं, तर मायं नाव घेजो."