गुरं कशी आहेत?

गाडीत बसताना लेमायनने आज काही विचारलं नाही. एरवी पट्टा लावता लावता त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "गुरं कशी आहेत?" केनियातल्या गुरं राखणाऱ्या मसाई माणसाची ती रीत. आणि उत्तरही ठरलेलं, "मजेत आहेत." खरी हालहवाल नंतर, निवांत बसल्यावर. निमिष नागपूरचा, अमेरिकेत अल्फारेटात सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारा. त्याच्याकडे गुरं कुठली? एक जुनी होंडा, तीही हप्त्यावर. पण "मजेत आहेत" हे तो न चुकता म्हणायचा.

दोघं एकाच ऑफिसात, म्हणून एकाच गाडीने जायचे. लेमायन रोज भावाला फोन करून कळप कुठे चारायला न्यायचा ते सांगे. निमिष चिडवायचा, "उंटावरून शेळ्या हाकतोस लेका!" अर्थ कळल्यावर लेमायन पोट धरून हसला होता.

ती गेल्या वर्षीची गोष्ट. आता २००६चा फेब्रुवारी होता, तिकडे केनियात पाऊस नव्हता, आणि हाकायला काही उरलं नव्हतं. वडिलांची शेवटची गाय गेल्या आठवड्यात बसली ती उठलीच नाही.

"मग आता काय, यार?"

"एक आहे अजून," लेमायन म्हणाला. "सगळी गुरं एका जागी ठेवायची नसतात. बाबांनी तरुणपणी डोंगरापलीकडच्या मित्राला कालवड दिली, त्याने बाबांना एक दिली. इकडे कोरडं पडलं तर तिकडे पडतो पाऊस. गरज लागली की मागायचं, समोरचा नाही म्हणत नाही. तेव्हापासून ते एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, त्या कालवडीच्या नात्याने मारतात. बाबा सोमवारी निघालेत चालत."

"भारी बॅकअप आहे हा!" निमिषला खरंच हायसं वाटलं.

सिग्नलला गाडी थांबली आणि लेमायनच्या मुठीतला फोन वाजला. भाऊ होता. लेमायन ऐकत राहिला. मग त्याने फोन मांडीवर ठेवला.

"बाबा परत आले."

"इतक्यात? गाय मिळाली?"

"मित्र वाटेतच भेटला. कोरड्या नदीत. तो आमच्याकडेच निघाला होता, हातात मोकळं दावं घेऊन, गाय मागायला."

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, पण हे त्याच्याही पलीकडचं.

"मग... काय बोलले दोघं?"

"बाबांनी कालवडीच्या नात्याने हाक मारली. विचारलं, गुरं कशी आहेत? तो म्हणाला, मजेत आहेत. मग त्याने विचारलं. बाबा म्हणाले, मजेत आहेत."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्याने हॉर्न दिला.

"आणि मग?"

"मग बसले नाहीत. तिथूनच आपापल्या घरी परत फिरले."