ठोंब्याचे कान

आमच्या नभोवाणीच्या संशोधन विभागात एक रबरी डोकं आहे. नाव ठोंब्या. त्याच्या कानांत मायक्रोफोन आहेत; त्याला ऐकू येतं ते हेडफोनमध्ये हुबेहूब येतं. बाळंतपणाच्या रजेनंतर मी लेकीला घेऊनच कामावर आले. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचे. “अगं, श्वास तपासतेस की अडवतेस?” साहेब म्हणाले. त्यांनी तिला आवाजबंद खोलीत ठोंब्याच्या कानाशी निजवलं आणि बाहेर हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले. श्वास आला तो थेट गालापाशी, अगदी कोमट. भिंती, मीटरचे काटे, सगळंच त्याच्याबरोबर हळूहळू वरखाली होऊ लागलं. मीही. दचकून जागी झाले तेव्हा कान मोकळे होते. हेडफोन शोधत मी वळले. शेजारी साहेब हेडफोन लावून, डोळे मिटून बसले होते. “चालू आहे,” ते पुटपुटले. “झोप तू. आता माझी पाळी.”